जांभळ्या गोळ्या

आमच्या डच घरमालकांनी घर दाखवायला बोलावलं आणि आधी मागची शेड दाखवली. ब्रेडापासून सायकलने वीस मिनिटांवर त्यांचं गाव. तिथे एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळतो असं कळलं, म्हणून मी आणि मृदुला एका शनिवारी सकाळी गेलो होतो. दारात सत्तरीचे, उंच, खांद्यात जरा वाकलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी दोघांशी हात मिळवला आणि म्हणाले, आधी मागे चला, ते बघून नको वाटलं तर जिना चढायचे कष्ट वाचतील.

शेडमध्ये लाकडी बाकावर एक छोटा ओव्हन होता. त्याच्या शेजारी जाळीवर पन्नासेक जांभळ्या, चकचकीत, बोटाच्या पेराएवढ्या वस्तू ओळीने उभ्या होत्या. मृदुलाला त्या चॉकलेटं वाटल्या. तिने कौतुकाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, शिसं आहे, खाऊ नका. मग त्यांनी सगळा खुलासा केला. ते गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबचे सभासद होते. त्यांच्याकडे परवान्याच्या तीन बंदुका होत्या, त्या भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात असायच्या आणि पोलीस येऊन ते कपाट तपासून जायचे. बंदुकीच्या गोळ्या ते स्वतः शिसं वितळवून ओतत आणि त्यांना वंगण लावण्याऐवजी पावडर कोटिंग करत. यातलं काही खटकत असेल तर आत्ताच सांगा, असं म्हणून ते आमच्याकडे बघत थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या वर्षी घर मिळणं इतकं कठीण होतं, की शेडमध्ये वाघ असता तरी आम्ही जिना चढलो असतो.

त्या संध्याकाळी मृदुलाने नाशिकला आईला फोन करून सांगितलं, की घर मिळालं, मालक एकटेच आहेत, बायको वारली आहे, माणूस सरळ आहे, फावल्या वेळात गोळ्या बनवतात. सासूबाईंनी त्याचा अर्थ होमिओपॅथी असा लावला. पुढे दोन वर्षं त्या फोनवर त्यांच्या गोळ्यांची चौकशी करत आणि गुडघ्यावर काही असेल तर विचारून ठेव, असं सांगत. मृदुलाने तो गैरसमज दूर केला नाही. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, की मला अहो-जाहो करू नकोस, मी काही तुझा साहेब नाही. डचमध्ये मी एकेरीवर आलो. मराठीत ते मला कधीच जमलं नाही, मनातल्या मनातही नाही, म्हणून इथे ते 'ते'च आहेत.

शिशाच्या बाबतीत ते सोवळ्यातल्या माणसासारखे वागत. शेडमध्ये जाताना वेगळे कपडे, वेगळे बूट. आत खाणं नाही, पिणं नाही, नाक खाजवणं नाही. बाहेर आल्यावर अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच घराच्या दाराला हात लावायचा. दर वर्षी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन रक्तातलं शिसं तपासून घ्यायचे आणि आलेला आकडा खडूने शेडच्या दारावर आतून लिहायचे. आकड्यांची उतरंड होती. सगळ्यात खाली चालू वर्षाचा. मृदुलाने एकदा भीत भीत विचारलं, की वर राहणाऱ्यांना यातून काही धोका नाही ना. त्यांनी तिला शेडच्या दारापर्यंत नेऊन आकडे दाखवले आणि आपलं आवडतं वाक्य म्हटलं: "मेतन इज वेतन." मोजलं म्हणजे कळलं, असा त्याचा अर्थ. मृदुला तेव्हा नुकतीच डच शिकायला लागली होती. तिला वाटलं, ते पगाराबद्दल काहीतरी सांगताहेत.

ते सगळं मोजत आणि सगळं वेगळं करत. दिवाळीत मृदुलाने त्यांना चिवडा दिला. त्यांनी ताटलीत शेंगदाणे एकीकडे, डाळं एकीकडे, खोबऱ्याचे काप एकीकडे, असे ढीग केले आणि एकेक ढीग खाऊन संपवला. कढीपत्ता उरला, तो एका वाटीत घालून परत आणून दिला. चांगलं होतं, पण एकत्र का करता, असं त्यांनी तिला विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

एकतीस वर्षं ते एका सायकल कारखान्याच्या रंग विभागात होते, शेवटची बारा वर्षं मुकादम म्हणून. सायकलच्या सांगाड्याला ब्रशने किंवा फवाऱ्याने ओला रंग लावण्याचा जमाना त्यांनी पाहिला होता आणि तो मोडतानाही पाहिला होता. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पूड विजेच्या भाराने धातूला चिकटते आणि भट्टीत गेली की वितळून एकसंध कातडी होते. थेंब नाहीत, ओघळ नाहीत, वास नाही. ते याबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी पुतणीला देऊन टाकलं आणि भंगारात निघालेल्या बंद पडलेल्या रंगांचे अकरा खोके मागून आणले. त्यात टपालाच्या सायकलींचा लाल होता, मुलींच्या सायकलींचा जांभळा होता आणि एक हिरवा, जो कुणालाच आवडला नाही म्हणून एकाच उन्हाळ्यात बंद झाला.

ते खोके दोन वर्षं शेडमध्ये पडून होते. मग त्यांनी कुठेतरी वाचलं, की हल्ली लोक शिशाच्या गोळ्यांनाही हेच करतात. शिशाची गोळी नुसती उडवली तर बंदुकीच्या नळीत शिसं घासून चिकटतं. म्हणून पूर्वीपासून गोळीच्या खाचांत मेण आणि चरबीचं वंगण भरतात. त्याने हात चिकट होतात आणि प्रत्येक बाराला निळा धूर निघतो. पावडरची कातडी चढवली की वंगणाची गरजच उरत नाही. क्रिंगलोपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, त्यांनी तो छोटा ओव्हन आणला. गोळ्या आणि पूड प्लॅस्टिकच्या डब्यात घालून ते डबा असा हलवत, की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी चुरमुरे मसाल्यात घोळवतंय. मग गोळ्या जाळीवर उभ्या करून भाजायच्या.

गार झाल्यावर परीक्षा. एक गोळी ऐरणीवर ठेवून ते हातोड्याने चपटी करत. शिसं पसरायचं, रंग त्याच्याबरोबर पसरायचा, पण सुटायचा नाही. सुटला तर अख्खी खेप परत वितळायला. मला बोलावून ते चपटी झालेली चकती हातात देत आणि म्हणत, हा रंग, बाकीचं नुसतं दिसणं. माझं काम आइंडहोवनला, चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग तपासण्याचं. दिवसभर मी भिंगाखाली ओरखडे शोधतो. ते कळल्यापासून त्यांनी मला आपल्या जातीचा मानलं होतं.

रंगांना अर्थ होता. लाल गोळी म्हणजे मागे बंदुकीच्या दारूचा पूर्ण भार, त्यांच्या स्वतःच्या मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी. जांभळी म्हणजे हलका भार. डोळे मिटून कुठलंही काडतूस हातात घेतलं, तरी डोळे उघडताच कळलं पाहिजे, हे तत्त्व.

क्लबात त्यांच्या रंगांची चेष्टा व्हायची, पण ती त्यांना बोचत नसे. बोचली ती एका माणसाची. ते त्यांचे तीस वर्षांचे मित्र. आम्ही घरात त्यांना मधवाले काका म्हणायचो, कारण त्यांच्या परसात मधमाश्यांच्या पेट्या होत्या. क्लबात निम्म्या लोकांच्या गोळ्यांना लागायचं ते वंगण त्यांच्याच मेणाचं. मेण, चरबी आणि तिसरं काहीतरी, जे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. दर हिवाळ्यात पत्र्याच्या डब्या भरून ते फुकट वाटायचे. तीस वर्षं हे दोघे दर शनिवारी एकाच गाडीतून क्लबला जात, एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची.

आमच्या मालकांनी पावडर सुरू केली तेव्हा मधवाले काकांनी आधी हसून घेतलं. मग म्हणाले, तू गोळ्या नाही, खेळणी बनवतोस. इथवर ठीक होतं. पण क्लबच्या वार्षिक सभेत बंदिस्त रेंजमधल्या धुराचा विषय निघाला आणि मालक उभे राहिले. हा प्रसंग मला क्लबातल्या एकाने नंतर सांगितला. त्यांनी चाळीस लोकांसमोर मित्राकडे बोट करून सांगितलं, की याच्या मेणाचा धूर तीस वर्षं माझ्या फुप्फुसात आहे, मी मोजलेला नाही, पण आहे. खोटं काहीच नव्हतं. त्यांना वाटलं आपण एक निरीक्षण नोंदवलं. मधवाले काका उठून कोट घालून निघून गेले. गाडी त्यांची होती. मालक सात किलोमीटर चालत घरी आले आणि पुढच्या शनिवारपासून सायकलने जायला लागले.

हे भांडण आम्ही राहायला जाण्याच्या आदल्या वर्षीचं. आम्ही पाहिले ते दोघे एकाच रेंजवर नेम धरायच्या चार खिडक्या सोडून उभे राहणारे. मी मधूनमधून त्यांच्याबरोबर क्लबला जायचो, काचेमागे बसून कॉफी प्यायचो. एकदा मी त्यांना सुचवलं, की आपणच बोलून मिटवून टाकावं. ते म्हणाले, काय मिटवायचं? सभेत मी बोललो ते चूक असतं तर मी मागे घेतलं असतं.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

मार्च महिन्यात मी एका दुपारी घरून काम करत होतो. खिडकीतून शेडच्या दारातून गरम हवा थरथरताना दिसली. खाली गेलो तर ओव्हन चालू, आत काही नाही, आणि ते बाजारात गेलेले. मी ओव्हन बंद केला. मे महिन्यात उद्या पाणी बंद राहणार आहे, हे सांगायला ते एका तासात तीनदा वर आले. तिन्ही वेळा तीच वाक्यं, त्याच क्रमाने. ऑगस्टमध्ये आपली सायकल चोरीला गेली म्हणून ते संतापले. ती मला बेकरीच्या भिंतीला टेकलेली सापडली, कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्या खिशात. मी शेडमध्ये टांगलेली दुसरी किल्ली आणली आणि त्यांचा डोळा चुकवून सायकल शेडमध्ये नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, चोराने आणून ठेवली. मी मान हलवली.

मृदुला म्हणत होती, त्यांच्याशी बोल, नाहीतर पुतणीला फोन कर. मी टाळत राहिलो. मोठ्या माणसाला हे सांगणारा मी कोण, असं मी तिला म्हणायचो आणि ते ऐकायला बरं वाटायचं. खरं कारण तेवढंच नव्हतं. घर चांगलं होतं. पुतणी आली तर घराचं काय होईल याचा मी विचार करत होतो. आमच्या कामात दोष दिसला की त्याच दिवशी नोंद करायची असते, दुसऱ्या दिवशीवर ढकललं तर जाब द्यावा लागतो. हे मला तेव्हा आठवत होतं. मी ते बाजूला ठेवलं.

त्याआधीच्या हिवाळ्यात मधवाले काकांच्या तीनपैकी दोन पेट्यांतल्या माश्या मेल्या होत्या. सप्टेंबरपर्यंत त्यांचं मेण संपलं. एका शनिवारी ते कॉफीचा कप घेऊन आमच्या टेबलाशी आले, बसले नाहीत, आणि उभ्याउभ्याच विचारलं, की तुझी ती खेळणी माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरला चालतील का. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक रिव्हॉल्व्हर होती, तिला हलकाच भार झेपायचा. मालकांनी वर न बघता सांगितलं, जांभळी चालेल. पण त्या दिवशी घरी येताना ते माझ्या सायकलपुढे इतक्या जोरात निघाले, की मला त्यांना गाठता येईना.

तीन आठवडे त्यांनी त्या पन्नास काडतुसांवर घालवले. एकेक गोळी तोलली. दोन खेपा हातोड्याच्या परीक्षेत नापास करून परत वितळवल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी पांढरा शर्ट घातला आणि मला बरोबर यायला सांगितलं.

मी काचेमागे होतो. मधवाले काकांनी सहा जांभळी काडतुसं भरली. मालक त्यांच्या मागे, एका हाताच्या अंतरावर. पहिला बार झाला आणि आवाज ऐकून काचेमागच्या दोघातिघांनी मान वर केली. रिव्हॉल्व्हर काकांच्या हातात जवळजवळ कपाळापर्यंत उडाली होती. त्यांनी ती सावरली आणि परत नेम धरायला लागले. तेवढ्यात मालकांनी पुढे होऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला. काय म्हणाले ते काचेतून ऐकू आलं नाही. काकांनी हत्यार खाली ठेवलं. उघडून पाहिलं, तर गोळ्या भरायच्या चक्राला एक बारीक, केसाएवढी चीर गेली होती. दुसऱ्या बाराला ते फुटलं असतं. चेहऱ्यापासून दीड हातावर.

काकांच्या अंगठ्याचं सालपट निघालं होतं, एवढंच. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हा रंग. रंगाने गोळी जाड झाली, नळीत अडकली, दाब वाढला. मी पहिल्यापासून सांगत होतो. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना ते पटण्यासारखं होतं आणि मधवाले काकांना तर ते हवंच होतं. मालकांनी उरलेली चव्वेचाळीस आणि न उडालेली पाच काडतुसं मोजून खोक्यात भरली.

दुपारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. एकेक काडतूस उघडून ते आतली दारू तराजूवर टाकत होते. मी आकडा वाचायचा आणि लिहायचा. तिसऱ्या आकड्यालाच मला कळलं. त्यांना बहुधा रेंजवरच कळलं होतं. तरी त्यांनी सगळी एकोणपन्नास तोलायला लावली. प्रत्येकात पूर्ण भार होता. जांभळ्या गोळीमागे लालचा भार. तीन आठवडे रंगाकडे बघता बघता शेवटच्या दिवशी ते भाराचं माप बदलायला विसरले होते.

त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. मग सायकल काढली आणि मधवाले काकांकडे गेले. मी न विचारताच मागे गेलो. काका फाटकाशी आले. मालकांनी सायकलवरून न उतरता, एक पाय टेकून सांगितलं: "रंगाचा दोष नव्हता. माझा होता. एकोणपन्नास तोलली. यानेही पाहिलंय."

काकांनी अंगठ्यावरचा रुमाल घट्ट केला. मग म्हणाले, कुणाला कळलं नसतं. मालक म्हणाले, रंगाचं नाव खराब झालं असतं. आणि सायकल वळवली.

सोमवारी त्यांनी स्वतःच पोलिसांच्या परवाना विभागाला फोन केला. गुरुवारी एक पन्नाशीच्या बाई आणि त्यांचा एक सहकारी आले. बाई समजूतदार होत्या. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी सगळं ऐकलं, तराजूचे आकडे पाहिले आणि म्हणाल्या, की एवढ्या वर्षांत ही एक चूक, तीही तुम्ही आपणहून सांगितलीत. काडतुसं भरणं बंद करा, बाजारची वापरा, बाकी परवान्याचं पाहू. मला हायसं वाटलं. मालकांना वाटलं नाही. ते म्हणाले, एक चूक आहे की जास्त, हे मला माहीत नाही. जो विसरतो त्याला आपण काय विसरलो ते कसं कळणार? हा वर राहतो. याला विचारा.

मला खालीच बोलावून ठेवलेलं होतं. बाई माझ्याकडे वळल्या आणि अलीकडे काही वेगळं दिसलं का, असं विचारलं. नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. टेबलावर मालकांची तिन्ही हत्यारं ओळीने ठेवली होती, पुसून. मी मालकांकडे पाहिलं.

"सांग," ते म्हणाले.

मी ओव्हनचं सांगितलं. पाण्याचं सांगितलं. सायकलचं सांगताना माझं डच अडखळलं आणि बाईंनी इंग्रजीत बोला म्हटलं. मी चोराचंही सांगितलं. ते कागदावर महिन्यांची नावं लिहून घेत होते, मार्च, मे, ऑगस्ट, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललं आहे. शेवटी बाईंनी हत्यारं जमा करण्याचा फॉर्म काढला. मालकांनी सही केली, पावती मागून घेतली आणि हत्यारं पेटीत ठेवायला सहकाऱ्याला मदत केली.

गाडी गेल्यावर ते परत टेबलाशी येऊन बसले. कागद माझ्यासमोर सरकवला आणि मार्चवर बोट ठेवलं.

"तुझ्या कामात दोष सात महिने खिशात ठेवतात का?"

मी नाही म्हटलं.

"मग?"

मी घराचं कारण सांगितलं असतं तर ते त्यांनी ऐकून घेतलं असतं, कदाचित वाजवीही मानलं असतं. मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. ते उठले आणि त्यांनी दोन कप कॉफी केली.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम सुरू झाला. ते बरोबर सहाला जेवायला बसत. त्याआधी मी ऑफिसातून येऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं आणि त्या दिवशी मला किंवा मृदुलाला जे दिसलं असेल ते सांगायचं. चौकटींची एक वही होती. ते तारीख घालत आणि "आज?" एवढंच विचारत. आज तुम्ही पत्रपेटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. आज मंगळवार आहे, तुम्ही कचऱ्याचा डबा गुरुवारचा म्हणून बाहेर काढला. ते लिहून घेत. वाद घालत नसत. पहिल्या आठवड्यात मी तिथे जाताना दाराशी रेंगाळायचो, नंतर ते आंघोळीसारखं रोजचं झालं. ती वही घेऊनच ते डॉक्टरांकडे गेले, आणि तिथल्या तज्ज्ञांनी म्हणे इतकी व्यवस्थित नोंद कधी पाहिली नव्हती. ते ऐकून ते खूश झाले. निदान काय झालं ते त्यांनी त्याच्यानंतर सांगितलं, जरा कमी उत्साहाने.

मधवाले काका दोन शनिवार आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी सकाळी दाराशी त्यांची गाडी थांबली आणि हॉर्न वाजला. मालकांनी वरच्या मजल्याकडे बघून मला विचारलं, आज माझी पाळी की त्याची? मग कोट घालून गेले. क्लबात ते आता नुसते काचेमागे बसायचे आणि धुराबद्दल तक्रार करायचे, असं काका सांगत.

पुढच्या उन्हाळ्यात मला युट्रेख्टला नोकरी लागली आणि आम्ही ते घर सोडलं. पुतणीने त्यांची सोय ब्रेडात एका संस्थेत केली. आम्ही जात राहिलो. ते आम्हाला कधी ओळखत, कधी नम्रपणे ओळखल्यासारखं करत. ते गेल्याचं पुतणीने कळवलं तेव्हा मृदुलाने नाशिकला फोन केला. सासूबाई हळहळल्या. म्हणाल्या, त्या गोळ्या शेवटी मागवायच्या राहूनच गेल्या.

पण त्यांची आठवण निघाली की मला ते शेवटचे दिवस आठवत नाहीत. वहीच्या काळातली फेब्रुवारीतली एक दुपार आठवते. मी आइंडहोवनला होतो. मृदुला एक भांडं परत द्यायला खाली गेली. ते बटाटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि तिला आपल्या बायकोच्या नावाने हाक मारली. डोकं अजून दुखतंय का, असं विचारलं. मृदुला दारातच थांबली. मग तिच्या क्लासातल्या डचमध्ये म्हणाली, नाही, आता बरं आहे. ते म्हणाले, बस मग. ती बसली. दहा-पंधरा मिनिटं ते तिच्याशी बोलत राहिले, बटाट्यांबद्दल, कुंपणाबद्दल, पलीकडच्या घरातल्या कुणा मुलींबद्दल, ज्या आता आज्या झाल्या असतील. मी घरी आलो तेव्हा मृदुलाने मला हे सांगितलं आणि म्हणाली, हे नको लिहू देऊस त्यांना.

मी खाली गेलो. वही उघडी होती, तारीख घातलेली.

"आज?"

"आज काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही.

"दुपारी मृदुला आली होती. मी तिला माझ्या बायकोच्या नावाने हाक मारली."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"मारली तेव्हाच मला कळलं होतं. पण ती म्हणाली, आता बरं आहे. मग मी बोलत राहिलो." त्यांनी तारखेपुढे एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली. "हे मोजायचं नाही," ते म्हणाले.